एक एकर चिखलाचा हिशेब

'पाणथळ' हा शब्द सांगली जिल्ह्यात जपून वापरावा लागतो. मला हे कळलं वाळवा तालुक्यातल्या एका गावात. २ फेब्रुवारी, म्हणजे जागतिक पाणथळ दिन होता, आणि देवळाच्या सभामंडपात पक्ष्यांविषयी बोलायला मला बोलावलं होतं. पाणथळ जागा जपल्या पाहिजेत, असं मी मोठ्या उत्साहानं सांगत होते. पुढच्याच रांगेत बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, माझी दीड एकर पाणथळ झालीया. ती घालवायला पाईप टाकायचा खर्च कुठनं काढू म्हणून मी हिंडतोय, आन् तुम्ही ती जपा म्हणताय व्हय?"

सगळा मंडप हसला. मीही हसले, पण उत्तर काही धड देता आलं नाही. ते आता देते.

आजोबा ज्याला पाणथळ म्हणत होते ती क्षारपड जमीन. कृष्णा-वारणेच्या काठची काळी चिकण माती, तीत ऊस आणि उसाला वर्षानुवर्षं सोडलेलं पाटपाणी. पाणी खाली मुरायला वाट नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर चढत जाते आणि येताना खालचे क्षार घेऊन येते. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मात्र तिथंच राहतात. उन्हाळ्यात वावरावर मिठासारखा पांढरा पापुद्रा दिसतो तो हाच. हा जमिनीचा आजार आहे, निचरा करून तो बरा करायचा असतो आणि त्यात पक्षीप्रेमींनी मध्ये पडायचं काही कारण नाही.

मी ज्या पाणथळीबद्दल बोलत होते तिचं जगणंच पाण्याच्या येण्या-जाण्यावर बेतलेलं असतं. तळ्याचा काठ, नदीचं दलदलीचं वळण, पावसाळ्यात भरून मार्चपर्यंत आटणारं डबकं. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळींबाबतचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि माणसानं केलेली, कायमची आणि हंगामी, सगळीच पाणथळ धरली आहे. आपल्याकडे हे फार उपयोगाचं आहे, कारण सातारा-सांगलीच्या पूर्व भागातली बहुतेक तळी माणसानं बांधलेली. मायणीचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सुरू झालेला. येरळवाडीचं धरण अलीकडचं, येरळा नदीवरचं. माणसानं दुष्काळाला घाबरून पाणी अडवलं आणि काठाला पक्षी उतरले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

हे पक्षी कोणते? तळ्यावरचे सगळे नव्हेत. बदकं पोहतात, पाणकावळे बुडी मारतात, त्यांचं खोल पाण्यावर भागतं. माझा विषय आहे काठावर पायी चालत चरणाऱ्या पक्ष्यांचा. पक्षीनिरीक्षक त्यांना वेडर म्हणतात, मी पाणकाठचे पक्षी म्हणते. त्यातली टिटवी तुम्हाला झोपेतही ओळखू येते. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, सखल जागी घातली की कमी, हा ठोकताळा आपल्या प्रत्येक गावात आहे. लाल काड्यांवर उभा असल्यासारखा दिसतो तो शेकाट्या. शेपूट सारखी वरखाली हलवत काठानं एकटी फिरते ती तुतारी. चार पावलं पळून एकदम थबकतो तो चिखल्या. बोटापेक्षा लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो तो मालगुजा. आणि घोळक्यानं शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक टिपत जातो तो छोटा टिलवा.

या टिलव्याबद्दल मला जरा तक्रार मांडायची आहे. दर हिवाळ्यात येरळवाडीला किंवा सूर्याचीवाडीच्या तलावावर रोहित उतरले, म्हणजे फ्लेमिंगो, की 'सायबेरियातून पाहुणे आले' अशी बातमी लागते. त्यातले बहुतेक कच्छच्या रणात वाढलेले असतात. सायबेरियाचा आणि त्यांचा संबंध नाही. सायबेरियाचा खरा पाहुणा त्याच फोटोच्या कोपऱ्यात, रोहितच्या पायाशी, करड्या ठिपक्यासारखा उभा असतो. छोटा टिलवा नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंतच्या बर्फाळ टुंड्रात अंडी घालतो आणि आपल्या तळ्यावर येतो. वजन चिमणीएवढं, पंचवीस-तीस ग्रॅम. त्याचा फोटो कोणी छापत नाही, कारण तो गुलाबी नाही.

एवढ्याशा जिवाला हजारो किलोमीटर जमतात कसे? चरबीवर. निघण्याआधी काही आठवडे हे पक्षी नुसते खात सुटतात. लांब पल्ल्याच्या काही जातींत वजन जवळपास दुप्पट होतं. काहींचं पोट आणि आतडी निघण्यापूर्वी आक्रसतात, प्रवासात जेवण नाही तर भांडी कशाला वाहायची, असा तो प्रकार. मालगुज्याच्याच कुळातल्या एका पक्ष्याच्या, पाच महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर २०२२ साली ट्रान्समीटर बसवला होता. ते अलास्काहून निघालं आणि थेट टास्मानियात उतरलं. सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठंही न थांबता. आपल्याकडे येणारे पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे, तीसेक देशांवरून जाणाऱ्या वाटेचे. त्यांना वाटेत थांबे मिळतात. पण थांब्यावर ताट वाढलेलं नसेल तर थांबा असून नसल्यासारखाच.

ते ताट म्हणजे चिखल. शाळेच्या मुलांना तळ्यावर नेलं की मी आधी दुर्बीण काढत नाही. एक घमेलं, एक चहाची गाळणी आणि एक पांढरी थाळी, एवढंच काढते. पाण्याच्या कडेचा ओंजळभर चिखल गाळणीत घ्यायचा, पाण्यात हलवायचा आणि उरेल ते थाळीत उपडं करायचं. पहिली काही मिनिटं मुलं नाकं मुरडतात. मग कुणीतरी ओरडतं, "बाई, हललं!" लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या दिसतात. त्या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या. चिखलात प्राणवायू कमी, म्हणून त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि रंगही तोच. शिवाय बारक्या गोगलगायी, किड्यांची पिल्लं, जंतासारखे जीव. हे पाहून झालं की समोरचे पक्षी काय करताहेत ते मुलांना सांगावं लागत नाही.

आखूड चोचीचा चिखल्या डोळ्यांनी बघून वरचा किडा उचलतो, म्हणून तो धावतो आणि थांबतो. टिलवा वरचा थर टिपतो. मालगुजा आणि तसाच लांब चोचीचा पाणलावा डोळ्यांवर विसंबत नाहीत. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणारे बारीक कण असतात, चिखलातली हालचाल त्यांना तिथं जाणवते. चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं, त्यामुळे अळी आतच पकडली जाते. म्हणूनच यातले बरेच पक्षी रात्रीही चरतात. एकाच काठावर पाच जाती भांडणाशिवाय जेवतात, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीला पोचते.

आता मुद्द्याचं गणित. टिलव्यासारख्या लहान पक्ष्याला ओला चिखल लागतो किंवा फार तर तीन-चार सेंटीमीटर पाणी. पाय बुडतील, पोट नाही. काठाचा उतार अगदी सपाट आहे असं धरा, म्हणजे शंभर सेंटीमीटर आत गेल्यावर पाणी एक सेंटीमीटरनं खोल होतं. मग चार सेंटीमीटर खोलीपर्यंतचा पट्टा चार मीटर रुंद झाला. तळ्याला असा एक किलोमीटर काठ असेल तर चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चाळीस गुंठे. एक एकर जेवण. आता तोच काठ जेसीबीनं कोरून उभा केला, दोन फूट आत गेल्यावर एक फूट खोली असा. चार सेंटीमीटरचा पट्टा उरला आठ सेंटीमीटर रुंद. किलोमीटरभर काठाचे झाले ऐंशी चौरस मीटर, एक गुंठाही नाही. तळं तेच, पाणी पूर्वीपेक्षा जास्त, आणि ताट एकराचं गुंठ्यावर आलं.

सपाट काठाचा आणखी एक गुण आहे. पाणी रोज एक सेंटीमीटरनं उतरलं तर ओला पट्टा रोज एक मीटर आत सरकतो. कालचा चिखल वाळला, आज नवा उघडा पडला. पक्ष्यांसाठी दर सकाळी नवी पंगत. खटाव-माण या दुष्काळी तालुक्यांतला जुना पाऊस या वेळापत्रकाला अगदी जुळणारा होता. आपल्याकडचा मुख्य पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तळी तेव्हा भरायची, दिवाळीनंतर उतरू लागायची आणि पक्षी मुक्कामाला असतात त्या डिसेंबर ते एप्रिलमध्ये काठ उघडा पडत जायचा. दुष्काळी भाग पक्ष्यांसाठी सुकाळी होता, हे सांगताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. त्याच उतरत्या पाण्याबरोबर आमच्या आज्यांच्या डोक्यावर हंडे चढत होते.

म्हणून पुढचं वाचताना गैरसमज नको. टेंभू, म्हैसाळ, ताकारी, जिहे-कटापूर या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेला आणलं ते चांगलंच झालं. आटपाडीतल्या डाळिंबाच्या बागा आणि चारा छावणीतून परतलेली जनावरं ज्यानं पाहिली आहेत तो दुसरं काही म्हणणार नाही. मात्र त्यामुळे काही तळ्यांची लय बदलली. भर उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे योजनेचं पाळीचं पाणी, सुटतं, पाणी दोन दिवसांत हातभर चढतं आणि उघडा काठ बुडतो. चरणारे पक्षी उडून तरी जातात. अंडी उडत नाहीत. टिटवी, छोटा चिखल्या, छोटी आर्ली आणि नदी सुरय मार्च ते मे या काळात उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूवर, गोट्यांत अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी खड्यांच्या रंगाची. एका रात्रीत सगळं पाण्याखाली.

गाळ काढण्याचंही असंच. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली तळ्यांतला गाळ शेतात जातो. साठा वाढतो, वावर सुपीक होतं, योजना शहाणपणाची आहे. अडचण फक्त गाळ कुठून काढतो याची. ट्रॅक्टर जिथं सहज पोचतो तिथून उचलतात, म्हणजे काठावरूनच, आणि काठ कोरून टाकतात. भरावाच्या, म्हणजे बांधाच्या बाजूला पाणी मुळातच खोल असतं, तिकडे खोदलं तर कुणाचं बिघडत नाही. वरचं टोक, फुगवट्याकडचं, ओढा जिथं तळ्यात पसरतो ते, उथळ ठेवायला हवं. पक्ष्यांची सगळी मौज तिथं असते. गाळ काढण्याआधी फुगवट्याला दोन खुंट्या ठोकून 'इथून पुढं मशीन नको' असं ठरवणं, याला एक पैसा खर्च नाही.

गाळपेर हा त्याहून नाजूक प्रश्न. पाणी उतरेल तसतशी उघडी पडणारी जमीन, तिच्यावर हरभरा, ज्वारी, कलिंगड, कोथिंबीर. कुणाची तरी वर्षाची कमाई त्यावर असते. पक्ष्यांना लागतो तो पट्टा आणि गाळपेरीचा पट्टा एकच, फक्त पक्ष्यांना तो ओला हवा आणि शेतकऱ्याला वाफशावर. त्यामुळे पाण्यापासून दहा-पंधरा पावलं सोडून पेरणी आणि त्या पट्ट्यात फवारणी नाही, एवढं जमलं तरी बराच तंटा मिटतो. जमतं का? काही काठांवर जमतं. जिथं दोन भावांचंच पटत नाही तिथं टिलव्याचं कोण ऐकणार.

सगळ्यात अवघड असतं वृक्षारोपणवाल्यांना समजावणं. पक्षी म्हटलं की झाड, हे आपल्या डोक्यात शाळेपासून बसलंय. पाणकाठच्या पक्ष्याला चहूकडे मोकळी नजर लागते. झाड म्हणजे ससाणा दबा धरून बसण्याची जागा, म्हणून काठाजवळ दाट झाडी आली की हे पक्षी उतरायचं टाळतात. त्यात ती झाडी वेड्या बाभळीची असली, कडेनं बेशरम माजलेली असली, पाण्यावर जलपर्णी पसरलेली असली, तर संपलंच. अशा काठाचं पुनरुज्जीवन करायचं तर लावण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त असतं. बेशरम मुळासकट उपटायची, उभा काठ तिरपा करायचा, जुन्या भरावातून एखादं बुटकं मातीचं बेट सोडायचं. उद्घाटनाला फोटो चांगला येत नाही. काम झाल्यावर तिथं काय दिसतं? चिखल.

मायणीच्या बाबतीत जुन्या लोकांकडून ऐकलेलं बरंच आहे. रोहितांचे थवे, मग गाळानं भरलेलं तळं, मग कोरडी वर्षं, मग पक्ष्यांनी येरळवाडीची वाट धरणं. ते सगळं इथं मांडत नाही. कायद्याचं मात्र सांगायला हवं, कारण त्यात एक गंमत आहे, किंवा दुर्दैव म्हणा. रामसरच्या व्याख्येत कृत्रिम तळी धरली आहेत. आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून मात्र सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळलेत, आणि नदीचं पात्रही. म्हणजे सातारा-सांगलीत टिलवा जिथं उतरतो त्यातल्या बहुतेक जागा त्या नियमांच्या लेखी पाणथळच नाहीत. नाशिकचं नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं, ते २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ झालं, पण अभयारण्य म्हणून त्याला आधीपासून संरक्षण होतं. आपल्याकडे वाट निघाली ती वन्यजीव कायद्यातून. त्यात 'संवर्धन राखीव' असा एक प्रकार आहे. सरकारी जमिनीवर, आसपासच्या लोकांशी चर्चा करून तो जाहीर करतात आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत गावच्या पंचायतीचा माणूस बसतो. मायणी आणि परिसरातल्या तलावांना २०२१ मध्ये असा दर्जा मिळाला. कागद झाला. आता आवर्तन कधी सोडायचं, गाळ कुठून काढायचा, हे ठरवताना पाटबंधारेवाले, वनखातं आणि गाव एका सतरंजीवर बसतात का, यावर पुढचं अवलंबून.

त्या सतरंजीवर बसायचं तर हातात आकडा लागतो. "पूर्वी लई पक्षी यायचे" याला बैठकीत कुणी किंमत देत नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि ती मोठ्या प्रमाणावर हौशी लोकांच्याच बळावर चालते. मोजणं शिकायला एक सकाळ पुरते. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात धरायची आणि पुढच्या थव्यावर ती पायली ठेवत जायची, धान्य मापतो तसं. आठवीतली मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज होतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, पांढरेधोप कपडे नकोत, कुत्रं बरोबर नको. आणि जवळ जायचं नाही. थव्यानं मान वर करून चरणं थांबवलं की आपण फार पुढं आलो, दोन पावलं मागं यायचं. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून थवा उठवणारे महाभाग भेटतात, हल्ली ड्रोन घेऊनही. त्यांना मी एवढंच विचारते, "जेवत्या माणसाला ताटावरनं उठवता का हो तुम्ही?"

वाळव्याच्या त्या आजोबांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि एप्रिलमध्ये फोन केला. त्यांच्या क्षारपडीत टिटवीनं चार अंडी घातली होती. "सखल जागी घातल्यात बघा," ते म्हणाले, "औंदा पाऊस कमी दिसतोय." ट्रॅक्टर चुकून जाऊ नये म्हणून त्यांनी भोवती चार धोंडे मांडले होते, वर काठीला फडकं बांधायचं का विचारत होते. मी म्हटलं फडकं नको, कावळ्यांना पत्ता कळेल. पिल्लं बाहेर यायला किती दिवस लागतील, हेही त्यांनी विचारून घेतलं. मी सांगितलं, अंडी घातल्यापासून चार आठवडे धरा. त्यांनी फोनवरच बोटं मोजली. निचऱ्याच्या पाईपवाल्याला त्यांनी मेच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख दिली होती. "तवर हुतंय," म्हणाले, आणि फोन ठेवला.